पंच क्रमांक दोन

महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात त्याला आमच्याकडे म्हैसूरला महजर म्हणतात. हा शब्द मला माझ्या मावसभावाने शिकवला, आमच्याच स्वयंपाकघरात, मी दहावीत असताना. मी त्याला दादा म्हणते. तो तेव्हा नुकताच सब-इन्स्पेक्टरची परीक्षा पास होऊन ट्रेनिंगला गेला होता आणि रविवारी सुटी मिळाली की आमच्याकडे जेवायला यायचा. मावशीचं घर मागच्याच गल्लीत आहे, पण तिथे त्याचं इतकं कौतुक व्हायचं की घास उतरत नाही, असं तो म्हणायचा.

अशा एका रविवारी त्याने आईची चांदीची कुंकवाची डबी आमच्या तांदळाच्या डब्यात लपवली आणि बाबांना व मला पंच केलं. मग टेप घेऊन ओटा मोजला. खिडकी कोणत्या दिशेला, दार कोणत्या, डबा कितव्या फळीवर, त्याच्या झाकणाला पोचा आहे की नाही, सगळं कन्नडमध्ये सुंदर अक्षरात लिहून काढलं. शेवटी कागद माझ्यापुढे सरकवला. "पंच क्रमांक दोन. सही."

मी सही केली. शाळेत कन्नड माझी तिसरी भाषा होती. वाचायला वेळ लागायचा, आणि दादा समोर उभा असताना अक्षराला अक्षर लावत बसायची मला लाज वाटली.

"डबी कुठे मिळाली?" त्याने विचारलं.

"तांदळात."

"कागदावर वाच."

कागदावर डबी रव्याच्या डब्यात मिळाली असं लिहिलं होतं. त्याने ते मुद्दाम लिहिलं होतं. त्याने कागदाचे चार तुकडे केले आणि माझ्या तळहातावर ठेवले. "झालं. एका माणसाची तीन वर्षं गेली. तुला वाचायचा कंटाळा आला म्हणून."

"अय्यो, लहान आहे रे ती," आई म्हणाली.

"सही करताना कोणी लहान नसतं, मावशी."

मग त्याने जेवता जेवता समजावून सांगितलं. पोलीस हा शेवटी पगारी माणूस, तो खोटं लिहू शकतो हे कायद्याला ठाऊक आहे. म्हणून झडतीच्या वेळी त्याच भागातले दोन पंच हवेत, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित. त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघायचं, मग वाचायचं, मगच सही. "पंच खोटा असेल तर पुढचं सगळं खोटं. केस नाही, नाटक आहे ते," तो म्हणाला. बाबांनी त्याला विचारलं, "मारायला पण शिकवतात का रे?" तर तो म्हणाला, "मारलं की माणूस बोलतो हो काका, पण आपल्याला हवं ते बोलतो, खरं नाही बोलत."

मला तो आवडायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात ते दिसणार नाही.

त्याची पहिली नेमणूक हुणसूरच्या बाजूला झाली. तिथे तो ठाण्यासमोरच्या हॉटेलात चहाचे पैसे द्यायचा. हॉटेलवाला घ्यायचा नाही, तर हा बशीखाली नाणी ठेवून उठायचा. ठाण्यातले लोक त्याला बशीसाहेब म्हणायला लागले, हे त्यानेच आम्हाला सांगितलं आणि सांगताना त्याचे कान लाल झाले होते. एकदा कोणा तक्रारदाराने बसमध्ये त्याच्याबरोबर केळ्यांचा घड चढवून दिला. मावशीने केळी तोडून शेजारीपाजारी वाटेपर्यंत याला पत्ता नाही. त्या रात्री तो जेवला नाही आणि पुढच्या आठवड्यात तसाच घड विकत घेऊन त्या तक्रारदाराला परत देऊन आला. मावशी आजही ही गोष्ट सांगते, पण आता ती तिचा मुलगा किती साधा होता म्हणून हसायला सांगते.

त्या काळात त्याच्या गोष्टींतल्या माणसांना नावं असायची. शेळ्या चोरीला गेलेला म्हातारा, त्याची सून, सुनेचा भाऊ, कोण कोणाला काय म्हणालं, सगळं यायचं. दोन-तीन वर्षांनी नावं गेली आणि 'पार्टी' आली. पार्टीने कंप्लेंट दिली, पार्टीला बसवून ठेवलं, पार्टी नीट बोलायला लागली. मी ताटात बघून जेवायची. मला कोणी काही विचारत नाही, त्यामुळे मला ऐकायला भरपूर वेळ असतो. एकदा बाबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, मारता का रे. दादा भात कालवत म्हणाला, "मारलं की माणूस बोलतो हो काका." आणि सांबार मागितलं. वाक्याचा पुढचा अर्धा भाग यायची मी वाट बघत होते. तो आला नाही.

नंतर तो म्हैसूरला आला, आणि दसऱ्याच्या बंदोबस्तात त्याची ड्युटी राजवाड्याच्या आत लागली. त्या वर्षी आमच्या घरातल्या नऊ जणांना पास मिळाले. आमची तीन-चार पिढ्यांची वस्ती इथली, पणजोबा कापड छापायचे आणि रंगवायचे, पण मिरवणूक आम्ही आयुष्यभर रस्त्याच्या कडेला उभं राहून, लोकांच्या डोक्यांवरून पाहिली होती. आता आम्ही खुर्चीत बसलो. पास कुठून आले, कोणाच्या नावाचे होते, कोणी विचारलं नाही. बाबांनी नाही, आईनेही नाही. मीही नाही, उलट मी फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. केळ्यांच्या घडावरून उपाशी झोपलेला माणूस पासांचा गठ्ठा खिशातून काढून पत्त्यांसारखा वाटत होता, आणि आम्ही हात पुढे करत होतो.

असं म्हणतात की नोकरीने माणूस कठोर होतो. मला तसं काही दिसलं नाही. कठोर व्हायला काही तरी सहन करावं लागतं. दादा फक्त आळशी झाला. आधी तो खरं काय ते शोधायचा, त्याला पायपीट लागायची. नंतर ते ठरवायला लागला, त्याला खुर्ची पुरायची. याला तो अनुभव म्हणायचा. त्यांच्या ठाण्यात एक नवीन सब-इन्स्पेक्टर आला होता, तो चहाचे पैसे देतो म्हणून दादा त्याला बशी म्हणायचा, आणि हे सांगताना स्वतःच्या मांडीवर थाप मारायचा.

आता इस्त्रीवाल्याचं सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी करंजाच्या झाडाखाली त्याची हातगाडी असते. आम्ही सगळे त्याला इस्त्री अण्णा म्हणतो. कोळशाची जड इस्त्री, बाजूला त्याची बायको कपड्यांची गाठोडी बांधत बसलेली. आमचं घर रंगाऱ्यांचं, कापडाच्या बाबतीत आई कोणाला पास करत नाही, पण अण्णाला तिने पास केलं होतं. रेशमी साडीवर तो आधी पातळ सुती फडकं टाकायचा, मग इस्त्री. दादाचा खाकी युनिफॉर्मही त्याच्याकडेच असायचा. तो शर्ट उलटा करून इस्त्री करायचा, चमक येऊ नये म्हणून. पैसे मागायचा नाही. आधी दादा बळेच द्यायचा. नंतर देत नव्हता.

मागच्या रस्त्यावर एका बड्या निवृत्त अधिकाऱ्याचा बंगला आहे. तिथून देवघरातल्या दोन चांदीच्या समया आणि एक ताट चोरीला गेलं. दादाचं ठाणं आमच्या घरापासून लांब आहे, पण हा सगळा भाग त्यांच्याच हद्दीत येतो, त्यामुळे तपास त्याच्याकडे आला. वरून रोज फोन यायचे, असं मावशी अभिमानाने सांगायची. एका शनिवारी आम्ही तिच्याकडे जेवायला गेलो होतो. बाबांनी समयांचं काय झालं ते विचारलं.

"मिळाल्या," दादा म्हणाला. "एका चांदीवाल्याने आणून दिल्या. त्याचं नाव नको म्हणतो. जुना माणूस आहे, उपयोगाचा आहे."

"मग चोर?"

"वस्तू मिळाल्या ना. आता फक्त कुठे मिळाल्या ते ठरवायचं."

सगळे हसले. मावशी पापड तळत होती, तीही हसली. मीही हसले असेन. टेबलावर सगळे हसले की माझा चेहरा आपोआप तसा होतो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, इस्त्री अण्णाला जीपमधून घेऊन गेले. त्या बंगल्यातले कपडेही तोच आणायचा, म्हणजे त्याचं तिथे जाणं-येणं होतं. एवढं पुरे होतं. सोमवारी त्याची गाडी निळ्या प्लॅस्टिकखाली झाकलेली दिसली, मंगळवारीही. आईच्या चार साड्या तिच्यात अडकल्या होत्या, त्याचंच तिला दुःख. "मत्ते, मग पुढच्या आठवड्यातल्या लग्नाला मी काय नेसू?" ती विचारत होती. मला शनिवारचं वाक्य आठवलं होतं, पण मी ते आईला बोलून दाखवलं नाही.

बुधवारी दुपारी मी घरी लॅपटॉपवर काम करत होते. एक कॉन्स्टेबल आला. एका हातात आईच्या चार साड्या आणि दुसऱ्या हातात फाइल. साड्या त्याने आईला दिल्या आणि फाइल माझ्यापुढे उघडली. "मेडम, इल्ली सैन् माडी," इथे सही करा.

चार पानं होती. कन्नडमध्ये, ठाण्यातले कागद लिहिणाऱ्या हवालदाराच्या, म्हणजे रायटरच्या, धावत्या अक्षरात. मी वाचायला घेतली. मंगळवारी सकाळी अकरा वाजता, करंजाच्या झाडाखाली, इस्त्रीच्या गाडीच्या खणातून, जुन्या लुंगीत गुंडाळलेल्या दोन समया आणि एक ताट, आरोपीने स्वतः काढून दिलं, खालील पंचांच्या समक्ष. खालील पंचांमध्ये दुसरं नाव माझं होतं. वय, शिक्षण, बाबांचं नाव, पत्ता, सगळं बरोबर भरलेलं. पंच क्रमांक एकची सही आधीच झाली होती. तो ठाण्यासमोरचा बेकरीवाला. सहीच्या जागी माझ्यासाठी पेन्सिलने फुली केली होती.

मी आतल्या खोलीत जाऊन दादाला फोन लावला.

"दादा, मी तिथे नव्हते."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? तू होतीस असं लिहिलंय ना."

"अण्णा रविवारपासून तुमच्याकडे आहे. मंगळवारी तो गाडीवर कसा असेल?"

"हे बघ, बेकरीवाला आमच्या प्रत्येक केसमध्ये पंच असतो, कोर्टात लोक हसतात. साहेब म्हणाले, एक तरी बरा पंच आणा. तू शिकलेली, इंग्लिश मीडियमची, मान खाली घालून बोलतेस, तुला कोणी उलटं विचारणार नाही. आडनावही वेगळं आहे. पाच मिनिटांचं काम."

"त्याने चोरी केली का?"

"केली नसेल तर सुटेल. त्यासाठीच कोर्ट आहे."

मला त्याला तांदळाच्या डब्याची आठवण द्यायची होती. मी एवढंच म्हटलं, "वाचल्याशिवाय सही करू नको म्हणाला होतास."

तो हसला. मला वाटलं, त्याला आठवलं. मग तो म्हणाला, "वाचत नको बसू गं. त्या कॉन्स्टेबलला पुढे बंदोबस्ताला जायचंय."

मी बाहेर आले. कॉन्स्टेबल ताक पीत होता. आई साड्या उलगडून बघत होती आणि पुटपुटत होती की अण्णाने घडी नीट घातली होती, या मेल्यांनी विसकटली. तोपर्यंत मावशीचा फोन आईला आलाच होता. आईने तो माझ्या कानाला लावला. मावशी म्हणाली, "सुम्ने, मुकाट्याने सही कर गं राजा. तुझ्या दादाचं प्रमोशन अडकलंय. परकं का आहे कोणी?"

परकं एकच माणूस होतं, आणि ते कोठडीत होतं. सही केली तर तो तुरुंगात जाणार होता आणि त्याला तिथे पाठवणाऱ्या कागदावर माझं नाव असणार होतं. नाही म्हणणारी मुलगी मी नाही. शाळेत बाई चुकीच्या नावाने हाक मारायच्या तरी मी हजेरी द्यायची. आई बघत होती, कॉन्स्टेबल पेला खाली ठेवून बघत होता. मी पहिल्या तीन पानांवर सही केली. चौथ्या पानावर, सहीच्या वर, इंग्रजीत, शाळेत चार वर्षं गिरवून घेतलेल्या बारीक कर्सिव्ह अक्षरात एक ओळ लिहिली: मी या जागी हजर नव्हते, ही सही बुधवारी दुपारी साडेचार वाजता माझ्या घरी घेतली आहे. खाली सही केली.

कॉन्स्टेबलने पानं उलटून चार सह्या मोजल्या आणि "सरी, मेडम," ठीक आहे, म्हणून निघून गेला.

याला धैर्य म्हणू नये. तोंडावर नाही म्हणता येत नाही म्हणून मी ते लहान अक्षरात लिहिलं. संध्याकाळपर्यंत दादाचा फोन येईल, तो ओरडेल, कागद फाडून परत पाठवेल, मग दुसरा कोणी सही करेल आणि मी सुटेन, असा माझा हिशेब होता. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. मग मला कळलं की त्याने कागद वाचलेलाच नाही. रायटरने वाचला नाही, दादाने वाचला नाही, त्याच्या साहेबाने वाचला नाही. सगळ्यांनी खाली सह्या केल्या आणि कागद पुढे सरकत सरकत कोर्टात जाऊन बसला. रव्याच्या डब्यावरून माझ्या हातात चार तुकडे ठेवणाऱ्या माणसानेसुद्धा.

इस्त्री अण्णा अडतीस दिवस आत होता. त्या काळात एकदा त्याची बायको आमच्या फाटकापाशी आली. आत ये म्हटलं तर आली नाही. कन्नडमध्ये म्हणाली, "तुम्ही सही केली म्हणतात. खरं का?"

मी हो म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती गेली. त्या ओळीबद्दल मी तिला सांगू शकत होते. सांगितलं नाही. बोलणं फुटलं असतं तर ते पान बदललं गेलं असतं, चौथं पान नवीन लिहायला रायटरला दहा मिनिटं लागतात. हे खरं आहे. पण दादाला कळेल याची भीती वाटली, हेही खरं आहे, आणि दोन्हींपैकी कोणतं जास्त खरं ते मी आजवर तपासलेलं नाही.

जामिनावर सुटल्यावर अण्णा परत आला. गाडी त्याच झाडाखाली लागली. दुसरीकडे जाणार कुठे, गिऱ्हाइकं इथली. मोठ्या बंगल्यातले कपडे बंद झाले. आई गाठोडं घेऊन गेली तेव्हा तो म्हणाला, "आज कोळसा नाही, अम्मा." दुसऱ्या दिवशीही कोळसा नव्हता. आई म्हणाली, "माज बघ किती."

कोर्टाचं समन्स यायला दोन वर्षं लागली. आदल्या संध्याकाळी दादा घरी आला. बेकरीवाला काय बोलला ते मला ऐकवलं, मी काय बोलायचं ते सांगितलं. गाडी कुठे होती, खण कोणत्या बाजूला, लुंगी कोणत्या रंगाची. "तपकिरी," तो म्हणाला. "विचारलं तर तपकिरी. नाही विचारलं तर बोलू नको." कॉलेजच्या तोंडी परीक्षेआधी मैत्रिणी एकमेकींना सांगतात तशा सुरात. जाताना आईला म्हणाला, "घाबरते उगाच. आमचा बेकरीवाला बघा, झोपेतून उठवला तरी साक्ष देईल."

कोर्टाची खोली लहान होती आणि पंखा मोठ्याने वाजत होता. अण्णा मागे भिंतीपाशी उभा होता, स्वतः इस्त्री केलेल्या पांढऱ्या शर्टात. सरकारी वकिलांनी कागद दाखवला. ही सही तुमची? मी हो म्हणाले. मॅजिस्ट्रेट बाई म्हणाल्या, जोरात बोला. मी पुन्हा हो म्हणाले. चारही पानांवर तुमचीच? हो. त्यांनी पानं उलटली, त्यांची बोटं सह्यांवरून फिरत गेली, चौथ्या पानावरही, आणि ते खाली बसले. दादा दारापाशी उभा होता. त्याने मला मान हलवून छान म्हटलं.

अण्णाचा वकील तरुण होता, सरकारने फुकट दिलेला. त्याच्या हातात दहा फायली होत्या. त्याने उठून ठरलेलं वाक्य म्हटलं: तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी सही केली आहे. त्याला उत्तरही ठरलेलं अपेक्षित होतं. नाही, हे खरं नाही. मग तो बसला असता.

मी म्हणाले, "सहीच्या वर काय लिहिलंय ते वाचा."

त्याला ऐकू आलं नाही. बाई म्हणाल्या, जोरात. मी ते तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा माझा आवाज मलाच कोणा भांडकुदळ बाईचा वाटला. मॅजिस्ट्रेटनी कागद मागवून घेतला, चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ नेलं. आणि मग ती ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, इंग्रजीत, सावकाश. सरकारी वकील आपल्या प्रतीत बघू लागले, पहिल्यांदाच. दादाकडे मी बघितलं नाही.

अण्णा सुटला. निकाल पुढच्या महिन्यात लागला, पण सुटला त्या दिवशीच.

मावशी तीन महिने आमच्याशी बोलली नाही. आई माझ्याशी बोलायची, पण एका वेळी एकच वाक्य. दादा मात्र निकालानंतरच्या रविवारी आला, नेहमीसारखा, जेवायला. मी त्याच्या रागाची तयारी करून बसले होते. त्याला राग आलाच नव्हता. त्याला गंमत वाटली होती.

"इंग्लिशमध्ये लिहिलंस," तो म्हणाला. "कन्नडमध्ये लिहिलं असतंस तर रायटरला दिसलं असतं. हुशार आहेस. आधी सांगायचं ना, मी दुसरा पंच आणला असता."

"तुला काही होणार का?" बाबांनी विचारलं.

"मेमो आलाय. त्याच्या उत्तराचा नमुना तयार असतो, तारीख घालायची." त्याने वरण वाढून घेतलं. "मी ठाण्यात सगळ्यांना सांगितलंय, पंचाने वरखाली काही लिहिलंय का, नीट वाचून घ्या. आता झडतीचा व्हिडिओही करावा लागतो म्हणा. पण व्हिडिओचं काय, पहिला नीट नाही आला तर दुसरा काढता येतो."

म्हणजे तो पुन्हा वाचायला लागला होता. एवढा फरक मी पोलीस खात्यात घडवून आणला.

त्यानंतर दोन दिवसांनी मी स्वतः कपडे घेऊन करंजाच्या झाडाखाली गेले. आईला सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, आता घेईल. कोर्टात तो माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं. त्याच्या बायकोने मला येताना पाहिलं आणि ती गाठोडं बांधायला खाली वाकली. अण्णा एक खाकी शर्ट उलटा करून इस्त्री करत होता, चमक येऊ नये म्हणून. मी तो शर्ट ओळखला. खांद्याच्या पट्टीवर आता दादाच्या प्रमोशनच्या तिसऱ्या स्टारसाठी नवीन भोक पाडलेलं होतं. बाही, कॉलर, बटणांची पट्टी, तो घाई न करता करत गेला आणि शर्टाची घडी वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवली, इतर कपड्यांपासून वेगळी.

मग त्याने माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं.

"कोळसा नाही, मेडम," तो म्हणाला.

त्याच्या हातातल्या इस्त्रीच्या भोकांतून निखारे लाल दिसत होते. मी हो म्हणाले आणि पिशवी घेऊन घरी आले.